वाचकांचे प्रश्न : पासपोर्टविना जग कसे शिकवावे?

मागील एका अंकात या सदरात मी विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या आंतरसांस्कृतिक क्षमतेविषयी, म्हणजे आपल्याहून निराळ्या रीतीभातींत वाढलेल्या माणसांबरोबर शिकण्याच्या, काम करण्याच्या आणि खटका उडाला तरी संबंध न तोडण्याच्या क्षमतेविषयी, थोडे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे महाविद्यालय निफाड तालुक्यात आहे. मूल्यांकन समितीपुढे ‘विद्यार्थ्यांची जागतिक क्षमता’ या मथळ्याखाली काय दाखवायचे, हे ठरवण्याचे काम प्राचार्यांनी माझ्यावर सोपवले आहे. आमच्या मुलांपैकी पासपोर्ट असलेली बोटावर मोजण्याइतकीच आहेत आणि परदेश दौऱ्यासाठी पैसा नाही. दरवर्षी आम्ही ‘आंतरराष्ट्रीय दिन’ साजरा करतो. त्या दिवशी मुले निरनिराळ्या देशांचे पोशाख घालून येतात. याहून अधिक काय करता येईल?
— एक प्राध्यापिका, निफाड

उत्तर : पोशाखांचा दिवस बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण मुलांना त्यात मजा येते, पण तो समितीपुढे मांडू नका. किमोनो घातलेल्या मुलीला संध्याकाळी घरी जाताना जपानविषयी सकाळपेक्षा अधिक काही कळलेले नसते, आणि जपानी बाई म्हणजे किमोनो हा समज मात्र घट्ट झालेला असतो. नऊवारी आणि फेटा एवढ्यावर कोणी आपली ओळख आटोपली तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांनाही वाटत असणार.

पासपोर्टचा अडसर तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. स्वीडनमधील माल्मो विद्यापीठ १९९८ साली सुरू झाले तेव्हा त्याच्यापाशी परदेशी विद्यापीठांबरोबर केलेले करारच नव्हते, त्यामुळे विद्यार्थ्यांना बाहेर पाठवायचे कोठे, हा प्रश्नच होता. आंतरराष्ट्रीय कामाची जबाबदारी असलेल्या बेंग्ट निल्सन यांनी मग आपल्या शहराकडे नीट पाहिले. माल्मोमध्ये बाहेरच्या देशांतून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. जग दाराशी येऊन राहिले होते आणि विद्यापीठ ते दूर कोठेतरी शोधत होते. परदेशी न जाणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना तेथून पुढे आली. त्याच सुमारास त्या शहरात ‘नाइटिंगेल’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात विद्यापीठाचा एकेक विद्यार्थी स्थलांतरितांच्या वस्तीतील एकेका शाळकरी मुलाला आठवड्यातून एकदा भेटतो, त्याच्याबरोबर फिरतो आणि बोलतो. या भेटींतून शाळकरी मुलाला जेवढे मिळते, तेवढेच विद्यार्थ्यालाही मिळावे, अशी त्याची रचना आहे.

उलट, परदेशी जाऊन आले की ही क्षमता आपोआप येते, असेही नाही. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पुढाकाराने परदेशात शिकायला गेलेल्या सुमारे १,३०० विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तेथे वरचेवर भेटून अनुभवांवर बोलते करणारा मार्गदर्शक लाभला, त्यांची प्रगती ठळक होती. ज्यांना नुसतेच नेऊन सोडले होते, त्यांची बेताचीच. आमच्या पिढीत ‘फॉरेन रिटर्न’ या बिरुदाला जो मान होता, त्याच्याकडे मी तेव्हापासून जरा संशयानेच पाहते.

आता तुमच्या निफाडकडे येऊ. तुमच्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरची द्राक्षे नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरतात आणि तेथून युरोपभर जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश मर्यादेहून अधिक आढळल्याने युरोपात आपली द्राक्षे अडकली होती, तेव्हा घरोघरी काय बोलणी झाली, हे मुलांच्या आईवडिलांना चांगले आठवत असेल. एवढे जिवंत प्रकरण अंगणात असताना समितीसाठी इतर देशांचे पोशाख शोधायचे कशाला? मुलांना दोन बाजू लिहायला लावा. वेलीची वाढ आवरण्यासाठी बागायतदार संजीवक का वापरतो, त्या हंगामात त्याच्या डोक्यावर कर्ज किती असते, आणि कायद्याची मर्यादा पाळूनही तेथील सुपरमार्केट आपली स्वतःची त्याहून कडक अट घालते तेव्हा त्याला काय वाटते, ही एक बाजू. लहान मुलाच्या डब्यात द्राक्षे घालणाऱ्या तेथील आईला त्या अंशाविषयी काय वाटते, दुकानदार तिला कोणत्या शब्दांत हमी देतो आणि ती हमी मोडली तर त्याचे काय होते, ही दुसरी. पहिली बाजू तुमच्या मुलांना तोंडपाठ आहे. दुसरी त्यांना कल्पनेने लिहू द्या आणि मग ती खरीच अशी आहे का, हे तपासायला एखाद्या डच महाविद्यालयातील वर्गाशी गाठ घालून द्या.

अशी गाठ घालणे आता अवघड राहिलेले नाही. दोन देशांतील दोन वर्गांनी पाच ते आठ आठवडे एकच काम ऑनलाइन मिळून करायचे, या पद्धतीला शिक्षणक्षेत्रात ‘कॉइल’ म्हणतात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात जॉन रुबिन यांनी २००६ साली तिचे केंद्र उभे केले. तिला विमानाचे तिकीट लागत नाही. लागतो तो पलीकडचा एक समविचारी शिक्षक आणि सत्र सुरू होण्यापूर्वीची दोन-तीन महिन्यांची तयारी. डच महाविद्यालयांचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे आपली दुपारची वेळ त्यांच्या सकाळच्या तासाला जुळते, आणि ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत बैठका ठेवू नयेत हे तुम्हाला मी सांगायला नको. मुले इंग्रजीला बिचकतील. त्यांना सांगा की समोरच्या मुलांचीही ती मातृभाषा नाही. दोन्हीकडचे लोक अडखळणार. आधी मराठीत वर्गात चर्चा होऊ द्या, मग इंग्रजीत बैठक, आणि बैठकीनंतर पुन्हा मराठीत वहीतील नोंद. ही शेवटची पायरी गाळली तर बाकीचे सारे सहलीसारखे विरून जाते.

वहीतील नोंद कशी करावी, याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमाचा प्राण तेथे आहे. माझ्या नोकरीच्या काळात एक जर्मन विद्यार्थिनी पुण्यातील एका कुटुंबात राहायला आली होती. पहिल्याच आठवड्यात ती रडवेली होऊन माझ्याकडे आली, आणि योगायोगाने त्याच दिवशी यजमानीण बाईंचाही फोन आला. मुलीचे म्हणणे, मला हे लोक जबरदस्तीने खायला घालतात. बाईंचे म्हणणे, मुलगी गुणी आहे पण जेवायला बसली की थांबतच नाही. घडले होते एवढेच, की पहिल्या पोळीनंतर मुलीने ‘नको’ म्हटले तरी ताटात दुसरी पोळी पडली. तिच्या घरी एकदा ‘नको’ म्हटल्यावर विषय संपतो. इथे तो संपला नाही, तेव्हा या घरात नकार चालत नाही असे तिने धरले आणि पुढे ती मुकाट्याने खात राहिली. पहिला ‘नको’ भिडेचा, दुसरा रीतीचा आणि ताटावर हात आडवा धरून म्हटलेला तिसरा खरा, हे आपले पंगतीचे व्याकरण तिला कोणी सांगितलेच नव्हते. बाईंनाही ते सांगण्यासारखे काही आहे असे कधी वाटले नव्हते.

त्या दिवशी मी दोघींना एकेक कागद दिला आणि त्यावर तीन रकाने आखायला सांगितले : काय घडले, त्याचा अर्थ काय असू शकेल, आणि मला त्याविषयी काय वाटते. परदेशी शिक्षक ही पद्धत पन्नासएक वर्षे वापरत आले आहेत. पहिल्या रकान्यात डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे : ‘पाच वेळा पोळी वाढली, पाचही खाल्ल्या.’ दुसऱ्यात निदान तीन अर्थ, आणि त्यांतला एक समोरच्या माणसाने दिला असता असा. मत शेवटी. आपण सारे थेट तिसऱ्या रकान्यावर उडी मारतो; ‘जबरदस्ती’ आणि ‘थांबतच नाही’ हे दोन्ही शब्द तिसऱ्याच रकान्यातले होते. मुलांना पहिला रकाना भरणे सर्वांत जड जाते, हे तुम्हाला पहिल्याच तासाला दिसेल. सत्राअखेर अशा दहा-बारा नोंदी असलेल्या वह्या समितीपुढे ठेवा. त्यांना दाखवण्यासारखे त्याहून चांगले काही मला सुचत नाही.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या वर्गात सुदान आणि टांझानियाचे मिळून चार विद्यार्थी आहेत. आम्ही त्यांच्याशी वाईट वागत नाही. पण आम्ही आमच्यात बसतो आणि ते त्यांच्यात. प्रयोगशाळेत गट पाडतानाही तेच होते. परवा त्यांच्यापैकी एकाला एका सोसायटीने घर नाकारले. आम्हाला वाईट वाटले, पण काय करावे ते कळले नाही. आम्ही पुढाकार घेतला तर त्यांना ती दया वाटेल का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, माझे विद्यार्थी तुझ्याच वयाचे असत. तुझ्या मूळ पत्रात ‘आम्ही’ हा शब्द पानोपानी आहे आणि ‘आपण’ एकदाही नाही. इंग्रजीत किंवा हिंदीत हे मला दिसले नसते, कारण तेथे दोन्हींसाठी एकच शब्द आहे. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ वेगळा आणि त्याला आत घेणारा ‘आपण’ वेगळा. भाषेचे अभ्यासक हा भेद द्राविडी भाषांच्या शेजाराशी जोडतात. तो आपल्याला आयता मिळाला आहे, तर तो कोणासाठी वापरतो, याकडेही थोडे लक्ष द्यावे.

दुसरे म्हणजे, ‘ते त्यांच्यात बसतात’ हे पुन्हा एकदा पाहा. सुदानचा मुलगा घरी बहुधा अरबी बोलत असेल आणि टांझानियाचा स्वाहिली. खार्टूम आणि दार-एस-सलाम यांच्यात अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. ते चौघे आपसात इंग्रजीत बोलत असतील तर ते एकमेकांचे मुळात जवळचे नाहीत. तुम्ही सर्वांनी त्यांना एका बाकावर आणून बसवले आहे.

नुसते एका वर्गात बसल्याने दुरावा जात नाही, हे समाजमानसशास्त्राला फार पूर्वी कळले. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली चार अटी मांडल्या : भेटणाऱ्यांचा दर्जा त्या कामापुरता तरी समान असावा, उद्दिष्ट एकच असावे, ते गाठायला एकमेकांची गरज पडावी, आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांचा या भेटीला पाठिंबा असावा. पुढे २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परस्परसंपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो, आणि या चार अटी जुळल्या तर अधिक कमी होतो, असे दिसले. प्रयोगशाळेतील गट या चारही अटींत चपखल बसतो, पण गट शिक्षकांनी पाडला तरच. निवड मुलांवर सोडली की जो तो आपल्या रूममेटला गाठतो. तेव्हा तुझे पहिले काम म्हणजे विभागप्रमुखांना भेटून, पुढच्या सत्रात गट हजेरीच्या क्रमाने पाडावेत, अशी विनंती करणे. हे काम कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि त्यात दयेचा प्रश्नच उद्भवत नाही.

दयेची तुझी शंका रास्त आहे. त्यावर माझा जुना तोडगा असा, की मदत करायला जाऊ नकोस, मदत मागायला जा. एखादे गणित, एखादी वही, प्रोग्रामिंगमधली एखादी अडचण. ज्याच्याकडे आपण काही मागतो, तो आपल्या बरोबरीचा होतो.

घराचे प्रकरण मात्र वेगळे आहे आणि तेथे सरळ उभेच राहावे लागेल. परदेशी भाडेकरूची नोंद करावी लागते, पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही अनेक घरमालकांची भीती असते, आणि तिच्या आड रंगाचा तिटकाराही लपतो. भीती दूर करता येते : ही नोंद आता ऑनलाइन होते, ती कशी करायची हे मराठीत समजावून सांगणारा मुलगा बरोबर गेला तर अर्धे नकार तेथेच विरघळतात. तिटकाऱ्याशी मात्र बोलावे लागते, आणि ते सोसायटीच्या बैठकीत त्या परदेशी मुलापेक्षा तू बोललास तर अधिक ऐकले जाईल. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. तुमच्या महाविद्यालयात ते फक्त शुल्क घेण्यापुरते आहे की घर शोधून देण्यापर्यंत, हेही विचार. याच शहरात फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदारांना काविळीने आजारी पडलेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याला खिडकीतून डबा देणारी मुलगी दिसली आणि परदेशी मुलांच्या एकटेपणाचा विचार त्यांच्या मनात आला. १९७१ साली ‘सिंबायोसिस’ ही संस्था निघाली तिच्या मुळाशी हा प्रसंग होता. एका डब्यापासून एवढे होऊ शकते.

आणखी एक. वर्गात कोणी त्यांना ‘हबशी’ म्हणून हाक मारत असेल, तर त्याला विचार की छत्रपती संभाजीनगर कोणी वसवले. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर हबशीच होता. हे शहर त्याने १६१० च्या सुमारास ‘खडकी’ या नावाने वसवले, त्याला नहरीचे पाणी दिले, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आफ्रिका महाराष्ट्राला परवा भेटलेली नाही.

प्रश्न : माझा मुलगा सप्टेंबरअखेर एम.एस.साठी जर्मनीला जात आहे. कागदपत्रे, पैसे, कपडे सगळे झाले. पण तो कोल्हापूर सोडून कधी राहिलेला नाही. पहिले काही महिने नवलाईत जातात आणि मग उदासी येते, असे सगळे सांगतात. त्याच्या मनाची तयारी कशी करून घेऊ?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : सर्वप्रथम ती नवलाईची समजूत दुरुस्त करू या. आधी आनंद, मग घसरण, मग सावरणे, हा आलेख १९५५ मध्ये नॉर्वेच्या लिसगॉर्ड यांनी अमेरिकेला जाऊन आलेल्या आपल्या देशबांधवांच्या मुलाखतींवरून मांडला आणि मग तो सगळीकडे छापला गेला. पुढे १९९८ साली न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांची टप्प्याटप्प्याने पाहणी झाली, तेव्हा त्यांचा त्रास सर्वाधिक होता तो अगदी सुरुवातीलाच. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलगा फोनवर गप्प वाटला तर ‘आत्ताच असे, तर पुढे काय’ म्हणून घाबरू नका. तेव्हा बहुधा तेच व्हायचे असते.

बाकी तयारी छोट्या गोष्टींची आहे. वेळापत्रकात तासाच्या वेळेपुढे ‘सी.टी.’ अशी अक्षरे असली तर दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, आणि ‘एस.टी.’ असली तर ठीक दहाला, आपल्या एस.टी.च्या नेमके उलटे, असे माझे विद्यार्थी म्हणत. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. परीक्षेसाठी आपले नाव आपणच वेळेत नोंदवायचे असते; कोणी आठवण करत नाही, आणि राहिले तर राहिले. रविवारी दुकाने बंद असतात आणि यंत्रांचा आवाज शेजाऱ्यांना खपत नाही, म्हणून भिंतीला खिळा ठोकायचा तो शनिवारी.

बोलण्याचे वळण याहून महत्त्वाचे. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ असा भेद आहे, आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना तो डोक्याला ताप वाटतो, तुमच्या मुलाला तो घरचाच वाटेल. फरक एवढाच, की कोल्हापुरात आपण ‘तू’ पुष्कळांना म्हणतो. तिथे विद्यार्थी आपसात ‘डू’ म्हणतात, पण प्राध्यापक आणि कचेरीतले लोक ‘झी’च. चर्चेत त्याच्या निबंधातील चुका चारचौघांत सांगितल्या जातील आणि पंधरा मिनिटांनी तेच प्राध्यापक त्याच्याबरोबर हसत कॉफी घेतील. टीका निबंधावर होती, त्याच्यावर नव्हती; हे त्याला इथेच सांगून ठेवा. ‘वाईट नाही’ असे ते म्हणाले तर ती शाबासकी समजावी. आणि समजले नसताना ‘हो सर’ म्हणून मान डोलवण्याची सवय मात्र त्याने मुंबईच्या विमानतळावरच सोडून जावी, कारण तिथे ‘हो’ म्हणजे हो.

राहण्याच्या बाबतीत एक अप्रिय सल्ला देते. त्याला महाराष्ट्रातील चार मुलांबरोबर घर घेण्याची सोय झाली असेल, तर पहिले सत्र राहू द्या. तांबडा रस्सा कसा करायचा, हे सांगणारे कोणी जवळ असणे ही चैन नव्हे. दुसऱ्या सत्रात मात्र त्याने विद्यार्थी वसतिगृहात, जेथे स्वयंपाकघर सामाईक असते तेथे, जावे. दोन वर्षे परदेशात राहून केवळ पुण्या-कोल्हापुरातली माणसे ओळखून परतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांची पदवी खरी होती, प्रवास मात्र झालाच नव्हता.

प्रश्न : ‘वसुधैव कुटुम्बकम्’ सांगणाऱ्या देशाला ही क्षमता पाश्चात्त्यांकडून शिकावी लागावी, हे नवल नव्हे काय? आणि या ‘जागतिक’ होण्याच्या नादात मुले मराठीपण गमावतील, त्याचे काय?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, म्हापसा

उत्तर : सर, आपल्या पत्रातील अर्धा भाग मला मान्य आहे. या विषयात जे सिद्धान्त चालतात, त्यांतले बरेचसे पाश्चात्त्य अनुभवावर बेतलेले आहेत. हॉफस्टेड यांची प्रसिद्ध ‘सांस्कृतिक परिमाणे’, म्हणजे देशोदेशींच्या संस्कृती आकड्यांत मोजण्याचे मापदंड, १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांतून निघाली, आणि त्यांतल्या प्रत्येक परिमाणात अख्ख्या भारताला एकच आकडा मिळाला. गडचिरोली आणि दादर एका आकड्यात बसवणारे परिमाण विद्यार्थ्यांना निमूट पाठ करायला देणारे शिक्षक पाहिले की मलाही आपल्यासारखाच राग येतो.

वचनाविषयी मात्र थोडे थांबावे लागेल. ते महोपनिषदात आहे, तसेच हितोपदेशातही आहे, आणि हितोपदेशात ते कोणाच्या तोंडी आहे, हे आपल्या मुलांना सहसा सांगितले जात नाही. हरणाला खाण्याच्या इराद्याने त्याच्याशी मैत्री जोडणारा कोल्हा, अनोळखी पाहुण्यावर विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्या कावळ्याला हा श्लोक ऐकवतो. म्हणजे ‘हा आपला, तो परका’ ही गणना क्षुद्र मनाची, हे उदात्त वचन आपल्या परंपरेने एकदा लबाडाच्या मुखातही घालून पाहिले आहे. हितोपदेश रचणाऱ्या नारायण पंडिताला ठाऊक होते की वचन म्हणता येणे वेगळे आणि तसे वागणे वेगळे; वागणे शिकवावे लागते. पुण्याच्या पत्रातील त्या परदेशी मुलाला घर नाकारणाऱ्या सोसायटीतल्या कितीतरी जणांना हा श्लोक पाठ असेल.

मराठीपण जाईल, ही भीती मला वाटत नाही, आणि त्याचे उत्तर आपल्या गोव्यातच आहे. साखवाळला १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडले, भिक्षू होऊन राहिले, पाली शिकले. पुढे हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनावर त्यांनी काम केले, लेनिनग्राडला शिकवले, फर्ग्युसनमध्ये पालीचे वर्ग घेतले. आणि बुद्धाविषयी त्यांनी लिहिले ते प्रामुख्याने मराठीत. त्यांच्याही आधी पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत राहून तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था, कामगार आणि वर्णद्वेष डोळसपणे पाहिला आणि १८८९ साली त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. अमेरिकेविषयीची माहिती तर त्यात आहेच. परंतु परक्या समाजाचे कौतुक करताना त्याचे दोष झाकू नयेत आणि आपल्या समाजाचे दोष दाखवताना त्याची लाज बाळगू नये, हा तोल मराठी गद्याला इतक्या लवकर साधला होता, हे मला अधिक मोलाचे वाटते. कोसंबी आणि रमाबाई दोघेही जगात गेल्यामुळे मराठीला अधिक उपयोगी पडले. आपल्या शाळेतील एखाद्या मुलाने घरची कोकणी, शाळेची मराठी आणि आजीची पोर्तुगीज यांच्यामध्ये रोज जी ये-जा केली असेल, तीही याच विद्येची पहिली इयत्ता आहे. विद्यापीठात त्याला त्याचे श्रेय कोणी देत नाही, ही माझी तक्रार आहे.

प्रश्न : या विषयाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आम्हाला मिळाला आहे आणि ५० गुणांची लेखी परीक्षा बंधनकारक आहे. प्रश्नपत्रिका कशी काढावी?
— एक प्राध्यापक, लातूर

उत्तर : ‘सांस्कृतिक धक्का : टीप लिहा’ हा प्रश्न काढू नका, एवढे केले तरी पुष्कळ झाले. डार्ला डिअरडॉर्फ यांनी २००६ साली या क्षेत्रातील २३ तज्ज्ञांची मते पुन्हा पुन्हा घेऊन जी मांडणी केली, तिची सुरुवात माहितीपासून होत नाही. आदर, खुलेपणा आणि कुतूहल या वृत्तींपासून होते, आणि वृत्ती तीन तासांत तपासता येत नाही. म्हणून लेखी परीक्षा अटळच आहे तर तिच्यात अर्ध्या पानाचा एखादा प्रसंग द्यावा, नांदेडच्या वसतिगृहातला असो किंवा नैरोबीच्या कचेरीतला, आणि निफाडच्या उत्तरात सांगितलेले तीन रकाने भरायला लावावेत. दुसऱ्या रकान्यातील अर्थ जितके वेगवेगळे आणि पटण्याजोगे, तितके गुण अधिक. तिसऱ्या रकान्यातील मत तुमच्या मताशी जुळते म्हणून गुण देऊ नका. ‘सर्व संस्कृती समान आहेत’ असे गोड वाक्य लिहिणाऱ्यापेक्षा, ‘मला या लोकांची भीती वाटत होती, ती कोठून आली हे शोधले तेव्हा मला असे आढळले’ असे लिहिणारा विद्यार्थी पुढे गेलेला आहे. त्याला अधिक गुण द्या, आणि त्याने लिहिलेले वर्गात कोणाला वाचून दाखवू नका.